गिऱ्हाईक काय मागतं ते लिहून ठेवा: ऐरोलीतल्या नाश्त्याच्या गाळ्यावरची वही

ऐरोली स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर माझा नाश्त्याचा गाळा आहे. बारा बाय दहाचा, पुढे कडप्प्याचा ओटा, उभ्याने खायला दोन उंच टेबलं. त्याआधी ठाण्यात चरईत सासूबाईंचं पोळीभाजी केंद्र होतं. तिथे मी नऊ वर्षं पोळ्या लाटल्या. म्हणजे लोकांना विकत खायला घालणं हे काम मला नवं नाही. तरी पाच-सहा वर्षांपूर्वी अशी वेळ आली की संध्याकाळी बटाटेवड्यांचा तिसरा घाणा काढायची गरजच पडेना. समोरच्या इमारतीत वर्षभरात पिझ्झा, बर्गर आणि मोमो अशी तीन दुकानं उघडली होती.

घाबरून मी सगळ्यात आधी जे केलं ते तुम्ही करू नका. मीही बर्गर सुरू केला. वड्याचीच टिक्की चपटी केली, मेयोनीजचा डबा आणला, बन आणले, बोर्डावर बर्गरचा फोटो लावला. दोन महिन्यांत कळलं की ज्याला बर्गर खायचाय तो समोर जातो, आणि ज्याला वडा खायचाय तो माझ्याकडे फोटो बघून गोंधळतो. रोज आठ-दहा बन उरायचे. मेयोनीज उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि माझा फ्रिज आधीच चटण्या आणि भिजवलेल्या मटकीने भरलेला. शेवटी ते सगळं बंद केलं आणि एक दोनशे पानी वही घेतली. पुढचं सगळं त्या वहीतून आलेलं आहे. असाच छोटा गाळा, टपरी किंवा घरगुती नाश्ता चालवणाऱ्यांना ते उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

वही कशी ठेवायची

एका पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात वेळ. दुसऱ्यात काय गेलं. तिसऱ्याला मी ‘नव्हतं’ म्हणते: कोणीतरी मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते. बहुतेक जण पहिले दोन ठेवतात, निदान डोक्यात तरी ठेवतात. तिसरा कोणी ठेवत नाही. कारण ‘नाही हो’ म्हटलं की गिऱ्हाईक निघून जातं आणि ती गोष्ट तिथेच संपते. पण उद्या काय करायचं ते त्याच रकान्यात सापडतं.

लिहायला वेळ कुठे असतो, असं माझी जाऊ पहिल्या दिवशी म्हणाली होती. बरोबर आहे, गर्दीत हात बेसनाचे असतात. म्हणून आम्ही शब्द लिहितच नाही. वड्याला ‘व’, मिसळीला ‘मि’, थालीपिठाला ‘था’, आणि पुढे काड्या. पाच काड्या झाल्या की आडवी रेघ. पेन्सिल दोऱ्याने ओट्याच्या कडेला बांधलेली, पेन नाही, कारण ओल्या हाताने पेन चालत नाही. ‘नव्हतं’च्या रकान्यात मात्र त्याने जे शब्द वापरले तेच लिहायचे. ‘अंडं आहे का’ असं विचारलं तर ‘अंडं’. ‘तेलकट नको, दुसरं काय’ असं विचारलं तर तसंच. आपल्या शब्दांत बदलून लिहिलं की त्याला काय हवं होतं ते हरवतं.

वेळेसाठी एक सोपी युक्ती माझ्या भाच्याने दाखवली. हल्ली दहातले आठ जण क्यूआर कोडवर पैसे देतात. यूपीआयच्या ॲपमध्ये प्रत्येक पैशापुढे तास आणि मिनिट येतं. रविवारी बसून आठवड्याचा तो हिशोब काढायचा आणि तासाप्रमाणे काड्या मारायच्या. रोख देणारे त्यात धरलेले नसतात, त्यांच्यासाठी वहीतला अंदाज. एवढ्यावर चित्र स्पष्ट होतं.

माझं चित्र असं निघालं. सकाळी साडेसात ते साडेनऊ लोक स्टेशनवरून ऑफिसकडे चालत असतात. एका हातात फोन, खांद्यावर बॅग. त्यांना एका हाताने खाता येईल असंच हवं असतं. मी इतकी वर्षं त्या वेळी पोह्यांचं पातेलं चढवून बसत होते आणि पोह्यांना लागते बशी, चमचा आणि टेकायला जागा. तेच पोहे साडेदहा-अकराला खपायचे, कारण तेव्हा जवळच्या माइंडस्पेस या आयटी पार्कातली मंडळी पहिली मीटिंग आटोपून खाली उतरतात आणि दहा मिनिटं उभं राहायला तयार असतात. पोह्यांत काहीच चूक नव्हती, ते दोन तास लवकर तयार होत होते. आता सकाळी उप्पीट-पोहे नाहीत. सकाळी वडापाव, मुगाच्या धिरड्याची गुंडाळी आणि उकडलेलं अंडं. साडेदहाला पोहे.

दुसरं, दुपारचं जेवण आटलंय आणि साडेचार ते साडेसहाची भूक वाढलीय. दुपारी डबा आणणारे पुष्कळ आहेत, काही जण दुपारी फक्त ताक-फळं घेतात. मग साडेचारला सपाटून भूक लागते आणि त्या भुकेला भजी पुरत नाहीत, पोट भरेल असं काहीतरी लागतं. मिसळ पूर्वी सकाळचा पदार्थ होता. माझ्याकडे आज निम्म्याहून जास्त मिसळ संध्याकाळी जाते.

तिसरं आठवड्याचं. करोनानंतर बऱ्याच कंपन्यांत आठवड्यातले दोन-तीन दिवसच ऑफिसला यायचं असतं. मंगळ, बुध, गुरु तुडुंब, सोमवार मध्यम, शुक्रवार ओस. मी मात्र पाचही दिवस सारखीच मटकी भिजवत होते. शुक्रवारी रात्री मोड आलेली मटकी बादलीत टाकताना जीव कळवळायचा. आता सोमवारी दोन किलो, मधले तीन दिवस साडेतीन किलो, शुक्रवारी सव्वा किलो. केवळ या एका बदलाने महिन्याला गॅसच्या एका सिलिंडरचे पैसे सुटले.

भूक घड्याळाप्रमाणे लागते

फास्ट फूड आलं आणि आपलं खाणं बिघडलं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अर्धंच पटतं. आपला वडापाव हेसुद्धा फास्ट फूडच आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. तो चालला कारण गिरणीच्या पाळीला निघालेल्या माणसाला बसून जेवायला वेळ नव्हता. १९८२ च्या संपानंतर कितीतरी गिरणी कामगारांच्या घरांनी वडापावच्या गाड्याच लावल्या. म्हणजे पदार्थ आला तो कामाच्या वेळेतून.

आमच्याकडेही तेच झालं. माझे यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात होते. पहिली पाळी सातची, दुसरी तीनची, तिसरी अकराची. भोंगा वाजला की कॅन्टीन, नाहीतर फाटकाबाहेरच्या गाडीवर उसळपाव. सगळे एकाच वेळी भुकेले. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर गाड्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ या पट्ट्यात आयटीची मोठी पार्कं उभी राहिली. आता कोणी अमेरिकेच्या वेळेने काम करतं, कोणी लंडनच्या. रात्री साडेनऊला ‘नाश्ता’ मागणारी मुलं येतात आणि ती चेष्टा करत नसतात, त्यांचा दिवस तेव्हा सुरू झालेला असतो.

मॅकडोनाल्ड्स आणि डॉमिनोज दोन्ही १९९६ मध्ये भारतात आले. मॅकडोनाल्ड्सने इथे गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलंच नाही, आणि त्यांचा सगळ्यात ओळखीचा झालेला स्वस्त बर्गर आहे आलू टिक्कीचा, म्हणजे बटाट्याचाच. डॉमिनोजने ३० मिनिटांचा शब्द दिला. त्यांनी आधी इथली जीभ आणि इथला वेळ मोजला. आपण तर इथलेच आहोत, तरी आपण मोजत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या भाच्याने केंद्र सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीतले आकडे वाचून दाखवले. १९९९-२००० मध्ये शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चातला ४८ टक्के अन्नावर जायचा, २०२२-२३ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. पण त्या अन्नातसुद्धा सगळ्यात मोठा वाटा झालाय पेयं, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थांचा: एकूण खर्चाच्या साडेदहा टक्क्यांच्या वर. दूध त्याच्या मागे, भाजी आणि धान्य तर आणखी मागे. ऐकल्यावर मी घरचा हिशोब काढून बघितला. आमच्या घरात दुधाचं बिल आणि मुलाच्या फोनवरून मागवलेलं खाणं यांची तुलना केली, आणि मग त्या आकड्यांबद्दल मला कोणाला विचारावं लागलं नाही. लोक बाहेर खाणारच आहेत. ते काय खातात त्यात आपला वाटा असावा, म्हणून ही धडपड.

मोठ्या दुकानांकडून घ्यायचं ते वजन

त्यांचा पदार्थ घेऊ नका, त्यांची शिस्त घ्या. समोरच्या बर्गरवाल्याकडे मी तीनदा जाऊन बसले, बिल भरून. तिन्ही वेळा टिक्की त्याच आकाराची, त्याच रंगाची. माझ्याकडे सकाळचा वडा टेनिसच्या चेंडूएवढा आणि संध्याकाळचा लिंबाएवढा, कारण सकाळी गोळे जाऊ वळते आणि संध्याकाळी मी. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण त्याला कळतं.

त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. आता सारणाचा प्रत्येक गोळा ६० ग्रॅम. पाच किलो बटाटा उकडून, सोलून, मसाला घालून साधारण चार किलो सातशे ग्रॅम सारण होतं, त्याचे ७५ ते ७८ वडे पडतात. अंदाजाने वळायचो तेव्हा कधी ६२ व्हायचे, कधी ७०. रोजचे आठ-दहा वडे कुठे जात होते ते कळायला मला काटा घ्यावा लागला. चटणीला एकच चमचा ठरवा, मिसळीच्या उसळीला एकच डाव. डाव हरवला तर दुसरा वापरायचा नाही, तसाच नवा आणायचा.

बोर्ड छोटा करा. माझ्याकडे ३१ पदार्थ लिहिलेले होते, त्यातले रोज मिळायचे १४. गिऱ्हाईक वाचतं, मागतं, आपण ‘ते आज नाही’ म्हणतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही. आता बोर्डावर नऊ आणि त्याखाली खडूने लिहायची एक रिकामी ओळ, त्या दिवशीच्या खास पदार्थासाठी.

पार्सलची मिसळ

इथे जरा थांबते, कारण इथे मी सगळ्यात जास्त चुकले आहे.

ठाण्यात मिसळ म्हटलं की मामलेदारचं नाव निघतं. तिथे वाफाळती प्लेट समोर येते आणि आपण लगेच पाव मोडतो. पार्सलची मिसळ खाणारा माणूस तो घास पाऊण तासाने घेतो. तेवढ्यात फरसाण तर्री पिऊन लगदा होतं, कांद्याला वास सुटतो, पाव खालून ओला होतो. मी सुरुवातीला सगळं एकाच डब्यात भरून देत होते आणि लोक खाणं मागवायच्या ॲपवर एक तारा देत होते. त्यांचं बरोबर होतं.

म्हणून आधी हे करा. स्वतःचं पार्सल बांधा, पिशवीत घाला, घड्याळ लावून ४० मिनिटं बाजूला ठेवा, मध्ये एकदा पिशवी हलवा, कारण स्कूटर हलतेच. मग उघडून खा. जो पदार्थ या परीक्षेत नापास होतो तो ॲपवर ठेवायचा नाही, तुम्हाला कितीही आवडत असला तरी.

मिसळीचे आता चार भाग जातात. मटकीची उसळ घट्ट, जवळजवळ कोरडी, एका डब्यात. कट वेगळ्या डब्यात, आणि तो डबा काठापासून बोटभर रिकामा, नाहीतर वाफेने झाकण उडतं. कट नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवायचा, कारण उसळीत पडल्यावर तो आळतो. फरसाण कोरड्या कागदी पुडीत. कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड एका छोट्या डबीत, कांदा पार्सल निघतानाच चिरायचा. पाव बटर पेपरमध्ये सैल गुंडाळायचे. प्लास्टिकमध्ये आवळले की घाम येतो. डब्यावर चिठ्ठी: ‘आधी उसळ, मग कट, वर फरसाण. कट गार झाला असेल तर एक उकळी द्या.’ ही चिठ्ठी लावायला लागल्यापासून तारे सुधारले. लोकांना ती आपुलकी वाटते, आणि आहेच.

बाकीचं थोडक्यात. थालीपीठ छान टिकतं, पण फॉइलमध्ये गुंडाळू नका, मऊ चामट होतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बटर पेपरवर, चार तुकडे करून, लोणी वेगळ्या डबीत. कांदेपोहे जाड पोह्यांचे आणि नेहमीपेक्षा किंचित ओलसर ठेवले तर चालतात, खोबरं वरून वेगळं. घावन एकमेकांना चिकटतं, मध्ये कागद घातला तरी. साबुदाण्याची खिचडी गार झाली की रबर होते, ती मी फक्त गाळ्यावर विकते. वडा पंधरा मिनिटांच्या आतल्या अंतरावरच. दिघा गाव स्टेशनपलीकडून वड्याची ऑर्डर आली तर मी फोन करून थालीपीठ सुचवते. बहुतेक जण ऐकतात.

ॲपचा हिशोब पाटीवर लिहा

फोनवरून मागवणं आता जाणार नाही. पण त्यातलं गणित कोणी नीट सांगत नाही, म्हणून माझंच मांडते. मिसळ १२० रुपये. माझ्या करारात कमिशन २४ टक्के, म्हणजे २८ रुपये ८० पैसे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ५ रुपये १८ पैसे. झाले जवळपास ३४. चार डब्या-पुड्यांचं पॅकिंग ९ रुपये. हातात उरले ७७. माल लागतो ४६ रुपयांचा. राहिले ३१, त्यात गॅस, भाडं, जावेचा पगार. (पदार्थावरचा ५ टक्के जीएसटी यात धरलेला नाही. तो १ जानेवारी २०२२ पासून ॲपवालेच गिऱ्हाइकाकडून घेतात आणि भरतात.)

आता या ३१ मधून २० रुपयांची सूट वजा करा. माझ्याबरोबर हेच झालं. एका ॲपच्या माणसाचा फोन आला, ‘मॅडम, दुकान वर दिसेल, सूट लावून देऊ का?’ मी पाण्याच्या टँकरशी हुज्जत घालत होते, ‘हो हो’ म्हणाले. ती सूट माझ्या खिशातून होती. तीन आठवडे मी खूश होते, ऑर्डरी दुप्पट झाल्या म्हणून. महिनाअखेरीला बँकेत आलेली रक्कम बघून रात्रभर झोप लागली नाही. प्लेटमागे ११ रुपये, आणि त्यासाठी गाळ्यावरच्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं होतं.

म्हणून फोनवर कशालाही हो म्हणू नका. लेखी पाठवा म्हणा. सूट कोण सोसणार, किती दिवस, बंद कशी करायची, हे तीन प्रश्न विचारा. ॲपवरचा भाव गाळ्यावरच्या भावापेक्षा वेगळा ठेवायचा असेल तर करारात त्याला मनाई नाही ना ते आधी बघा. आणि साडेबारा ते दीड, साडेचार ते सहा या वेळात समोर रांग असेल तर ॲप वीस मिनिटं बंद ठेवायला कचरू नका. समोर उभा असलेला माणूस चालत आलाय.

‘नव्हतं’च्या रकान्यात काय सापडलं

पहिल्या तीन महिन्यांत त्या रकान्यात मला वाटलं होतं की पिझ्झा, सँडविच, फ्राइज असं येईल. आलं, पण थोडं. सारखं सारखं आलं ते असं: अंडं. कमी तेलाचं काही. अर्धी प्लेट मिळेल का. बिनसाखरेचा चहा. कांदा-लसूण नसलेलं. प्रोटीन. हा शेवटचा शब्द मी आधी हसण्यावारी नेला होता, नेऊ नका. जिमला जाणारी मुलं-मुली खरंच विचारतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे त्याचं उत्तर आधीपासून आहे. मुगाचं धिरडं, मोडाची उसळ, झुणका, दही. फक्त ते बोर्डावर त्या माणसाला सापडेल असं लिहायला हवं. मी धिरड्यापुढे खडूने ‘अख्ख्या मुगाचं, आत पनीर’ एवढंच लिहिलं. ‘पौष्टिक’ वगैरे नाही. पौष्टिक सगळेच लिहितात.

माझा नियम असा आहे: एका आठवड्यात पाच वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट मागितली तर ती दोन आठवडे करून बघायची, फक्त मंगळ ते गुरु, थोड्या मापात. एकच माणूस पाचदा मागत असेल तर तो आपला लाडका असेल, पण त्याच्यासाठी पातेलं चढवायचं नाही.

अर्ध्या प्लेटचं सांगते. आमच्या समोरच्या इमारतीचे वॉचमन काका, वय साठच्या पुढे, साखरेचा आजार. रोज विचारायचे, ‘ताई, अर्धी मिसळ द्याल का, पाव नको.’ मी द्यायची, पण भाव ठरलेला नव्हता म्हणून त्यांना संकोच वाटायचा. बोर्डावर अर्धी प्लेट लिहिली आणि नवल झालं: ऑफिसातल्या मुली, डाएटवाले, संध्याकाळी नुसती चव हवी असलेले, सगळे तेच मागायला लागले. भाव मात्र अर्धा ठेवू नका. अर्ध्या प्लेटलाही तीच बशी, तोच हात, तेवढाच वेळ लागतो. पूर्ण प्लेट ८० असेल तर अर्धी ५०. लोक कुरकुरत नाहीत. आणि अर्धी खाणारा आठवड्यातून तीनदा येतो, पूर्ण खाणारा एकदा.

तेलाबद्दल खोटं बोलू नका. ‘कमी तेल’ लिहिलंत तर मापून कमी घाला. माझ्या तव्याला दर धिरड्यामागे एक चहाचा चमचा तेल, तो चमचा बाटलीला दोऱ्याने बांधलाय. तळणीचं तेल परत परत तापवत राहायचं नाही. १ जुलै २०१८ पासून नियमच आहे, तेलातले बिघडलेले घटक, ज्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. मोजायचं यंत्र येतं, पण महाग आहे. आपल्या डोळ्यांना दिसतं ते असं: वडा सोडल्यावर बारीक फेस वर येऊन बसतो आणि विरत नाही, तेल झाऱ्यावरून मधासारखं ओघळतं, तापायच्या आधीच धूर निघतो. यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल गेलं. उरलेल्यात नवं तेल ओतून चालढकल करू नका. वर्तमानपत्रात वडा देणंही बंद करा. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा खात्याने त्याला मनाई केलेली आहे.

मला मनापासून काळजी वाटते ती साडेपाचला ट्यूशनला निघालेल्या मुलांची. हातात चिप्सचं पाकीट आणि थंड पेयाची बाटली, हेच त्यांचं संध्याकाळचं खाणं. त्यांच्यासाठी मी २० रुपयांत चतकोर थालीपीठ आणि दही ठेवलं. पंधरा दिवस कोणी हात लावला नाही. मग भाच्याच्या मुलीने सांगितलं, ‘आजी, बशीत दही घेऊन आम्ही क्लासला कसं जाणार?’ बरोबरच होतं. आता थालीपिठाच्या पातळ पट्ट्या कापून, थोड्या कुरकुरीत करून, कागदी कोनात उभ्या घालते, वरून सुक्या लसणाची चटणी. दही नाही. रोज पंचवीस-तीस कोन जातात. चिप्स खाणारी सगळी मुलं काही माझ्याकडे वळली नाहीत. काही वळली.

कागदपत्रं

अन्नसुरक्षेची नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये फी होती. अर्ज ऑनलाइन होतो, स्वतः भरा, दलालाला हजारो रुपये देऊ नका. आधी आताची मर्यादा आणि फी तिथेच बघून घ्या. १४ आकडी नंबर मिळतो, तो दर्शनी भागात लावायचा आणि बिलावर छापायचा. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच वापरा, घरचा लाल सिलिंडर गाळ्यात आणू नका. महापालिकेचे परवाने आपापल्या विभाग कार्यालयात जाऊन समक्ष विचारा, गाळ्याच्या प्रकाराप्रमाणे ते बदलतात.

पंचांग आणि पाऊस

भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय हा धंदा होत नाही. संकष्टीला मिसळ निम्मी आणि साबुदाणा वडा चौपट. मोठमोठ्या कंपन्यांत बसणारी पोरं उपवास करत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल तर चतुर्थीला माझ्या गाळ्यावर या. संध्याकाळी चंद्रोदयाच्या आधी घरी पोचता येत नाही म्हणून इथेच काहीतरी हवं असतं. श्रावणात अंडं एकदम उतरतं, सोमवारी आणि शनिवारी तर नावालाच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका सकाळी काही घेत नाहीत आणि घरी जाताना चहा व राजगिऱ्याचा लाडू नेतात. नवरात्रात नऊ दिवस भगरीचे वडे. साबुदाणा वाशीच्या मार्केटमधून आधीच्या आठवड्यात आणून ठेवा, ऐन वेळी जवळच्या दुकानात भाव चढलेला असतो.

जोराचा पाऊस लागला की उलटा हिशोब. ट्रान्स-हार्बर अडकली तर ऑफिसातली माणसं खालीच थांबतात आणि दोन तास सलग भजी जातात. पण गाड्या पूर्ण बंद पडायची चिन्हं असतील तर लोक तीनलाच घरी निघतात आणि साडेचारचा सगळा माल पडून राहतो. म्हणून पावसाळ्यात दुपारी दोन वाजता फोनवर गाड्यांची स्थिती बघते आणि मगच बटाटे उकडायला टाकते. कांदा चिरून ठेवत नाही.

या आठवड्यात ‘नव्हतं’च्या रकान्यात ‘बाजरीची भाकरी’ तीनदा आलं आहे, तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांकडून, तिन्ही वेळा संध्याकाळी सातनंतर. आज बुधवार आहे. अजून दोन जणांनी विचारलं तर पुढच्या मंगळवारी दोन किलो पीठ दळून आणीन.